न परतलेल्या कणांचा हिशेब

ऑक्सिजनचं अणुकेंद्रक शिशाच्या अणुकेंद्रकाच्या रोखाने निघालं, की बराच वेळ त्याला विजेचंच बल जाणवत राहतं. ऑक्सिजनमध्ये 8 प्रोटॉन, शिशात 82. दोन्हीकडे धनभार, त्यामुळे दोघंही एकमेकांना दूर लोटतात. दोघांच्या केंद्रबिंदूंमध्ये 12 फर्मी अंतर उरेपर्यंत या लोटण्याविरुद्ध खर्ची पडलेली ऊर्जा सुमारे 79 एमईव्ही भरते. फर्मी म्हणजे मिलिमीटरचा लाख-कोटीवा भाग आणि एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अणुकेंद्रकांच्या जगातला सगळा व्यवहार याच दोन मापांत चालतो. 12 फर्मींच्या आसपास दुसरं बल डोकं वर काढतं. ते ओढणारं आहे. प्रोटॉन-न्यूट्रॉनांना केंद्रकात बांधून ठेवणारं जे बल, त्याचाच हा बाहेर पोचलेला काठ. या अंतरावर त्याची वजावट जेमतेम चारेक एमईव्हीची असते, पण तेवढ्याने चढण 79 पर्यंत न जाता 75 च्या जवळपास संपते आणि पुढे उतार लागतो. या माथ्याला कूलॉमचा अडसर म्हणतात.

आता केंद्रकांचे आकार पाहा. ऑक्सिजन-16 ची त्रिज्या साधारण 3 फर्मी, शिसं-208 ची 7. बेरीज 10. अडसराचा माथा मात्र 12 फर्मींवर. म्हणजे केंद्रकं एकमेकांना नीट टेकण्याआधीच, दोन फर्मींची फट असतानाच, पुढे काय होणार ते ठरत असतं. त्या फटीत काम करणारं बल किती आणि ते अंतरानुसार कसं बदलतं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. प्रश्न छोटा दिसतो, पण त्यात 16 आणि 208 मिळून 224 कण गुंतलेले आहेत आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं आहे. त्या सगळ्यांचं समीकरण तंतोतंत सोडवणं आजही आवाक्याबाहेर आहे. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ 224 कणांची सगळी गुंतागुंत दोन केंद्रबिंदूंमधल्या अंतरावर, या एकाच राशीवर सोपवून देतात. अंतर सांगितलं की ऊर्जा सांगणारं जे सूत्र, ते पोटेन्शियल. त्याचा उतार म्हणजे बल. हे सूत्र निसर्गाने लिहून दिलेलं नाही, ते आपण मांडायचं असतं आणि प्रयोगाला विचारून तपासायचं असतं.

प्रयोग दिसायला साधा असतो. शिसं-208 चा, चौरस सेंटीमीटरला काहीशे मायक्रोग्रॅम भरेल इतका पातळ थर निर्वात कोठीत उभा करतात. त्वरकातून आलेला ऑक्सिजनचा झोत त्यावर सोडतात. भोवताली वेगवेगळ्या कोनांवर सिलिकॉनचे डिटेक्टर मांडलेले असतात आणि ते येणाऱ्या प्रत्येक कणाची ऊर्जा मोजतात. जे ऑक्सिजन कण काहीही न गमावता, फक्त दिशा बदलून बाहेर पडतात, त्यांचं ते इलॅस्टिक स्कॅटरिंग, मराठीत प्रत्यास्थ प्रकीर्णन. दोन्ही केंद्रकं टकरीनंतर मूळच्याच अवस्थेत असली पाहिजेत, ही अट. शिसं आणि ऑक्सिजन ही जोडी अभ्यासकांची लाडकी असण्याचं कारण इथेच आहे. शिसं-208 ला उत्तेजित करायचं तर किमान 2.61 एमईव्ही लागतात, ऑक्सिजन-16 ला 6 च्या वर. त्यामुळे काही न गमावलेल्या कणांचा उंचवटा आलेखावर बाकीच्यांपासून स्वच्छ वेगळा दिसतो. विकृत आकाराच्या, सहज डळमळणाऱ्या केंद्रकांच्या बाबतीत ही चैन परवडत नाही.

मिळालेली संख्या तशीच्या तशी मांडत नाहीत. तिला रदरफर्डच्या सूत्राने भागतात. 1911 मध्ये अर्नेस्ट रदरफर्डने फक्त विद्युत प्रतिकर्षण गृहीत धरून कोणत्या कोनात किती कण जातील याचं सूत्र काढलं होतं. मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी ते सोन्याच्या पत्र्यावर तपासलं आणि अणूला केंद्रक असतं हे जगाला पटलं. पुढे 1919 पासून हलक्या केंद्रकांवर अल्फा कण सोडताना खुद्द रदरफर्डलाच आपल्या सूत्रापासून ढळलेली मोजमापं दिसू लागली. आज आपल्याला जे हवं आहे ते नेमकं या ढळण्यात आहे. गुणोत्तर एक आलं, तर त्या कोनात फक्त विजेचं राज्य. एकपासून सरकलं, तर दुसऱ्या बलाची चाहूल.

100 एमईव्हीचे ऑक्सिजन कण शिशावर सोडले तर आलेख असा दिसतो. लहान कोनांना, म्हणजे केंद्रकापासून दुरून गेलेल्या कणांना, गुणोत्तर एकच्या रेषेला चिकटून असतं. कोन वाढला की ते किंचित वरखाली हेलकावतं, एकच्या थोडं वर जातं, आणि मग अचानक कोसळतं. 90 अंशांच्या सुमारास ते पाववर आलेलं असतं. त्यापुढे दर काही अंशांना निम्मं होत जातं.

प्रकाशशास्त्र शिकलेल्याला हा आलेख ओळखीचा वाटेल. धारदार कडेवरून जाणाऱ्या प्रकाशाची सावली पडद्यावर पाहिली तर उजेडाच्या बाजूला असेच हेलकावे, सावलीच्या बाजूला अशीच घसरण, आणि सावलीच्या बरोबर सीमेवर मूळ तेजाच्या एक चतुर्थांश तेज, हे फ्रेनेलने एकोणिसाव्या शतकात समजावलं होतं. सीमेवर अर्धी लहर अडते, म्हणून लहरीची उंची निम्मी होते आणि तेज तिच्या वर्गाने, म्हणजे पाववर येतं. जड केंद्रकांच्या टकरीतही हाच नियम लागू पडतो, आणि त्यातून एक सोपी पण फार उपयोगी युक्ती निघते. गुणोत्तर पाववर आलेला कोन शोधायचा आणि त्या कोनात वळलेला कण रदरफर्डच्या वाटेने गेला असता तर किती जवळ पोचला असता ते काढायचं. 100 एमईव्ही आणि 90 अंशांना उत्तर येतं साधारण सव्वाबारा फर्मी. एवढं अंतर ओलांडून आत गेलेला कण बहुतेक वेळा ऑक्सिजन म्हणून परत येत नाही.

तो कुठे जातो? काही कण शिशात मिसळून जातात, काही एखादा न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन उचलतात वा टाकतात, काही शिशाला उत्तेजित करून मंद होऊन बाहेर पडतात. इलॅस्टिक कण मोजणाऱ्याच्या लेखी हे सगळे हरवले. आणि इथे या शास्त्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी कल्पना येते. काचेतून जाणारा प्रकाश वळतो आणि थोडा शोषलाही जातो. दोन्हींचा हिशेब ठेवायला अपवर्तनांकाला कल्पित भाग जोडून त्याची संमिश्र संख्या करतात. तसंच इथे करायचं. पोटेन्शियलच्या वास्तव भागाने कण वळेल, कल्पित भागाने लहर क्षीण होईल. हॅन्स बेथेने 1940 मध्ये या दिशेने पाऊल टाकलं. 1949 मध्ये फर्नबाख, सर्बर आणि टेलर यांनी वेगवान न्यूट्रॉनांच्या प्रकीर्णनाला हीच पद्धत लावली. 1954 मध्ये फेशबाख, पोर्टर आणि वाइसकॉफ यांनी तिला पक्का पाया दिला. या प्रारूपाला प्रकाशशास्त्रावरून ऑप्टिकल मॉडेल असं नाव पडलं, आणि केंद्रकाला धुरकट काचेचा गोळा.

सूत्र कोणतं घ्यायचं, याचं उत्तरही 1954 मध्येच आलं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉजर वुड्स आणि डेव्हिड सॅक्सन यांनी केंद्रकाची कड अचानक तुटलेली न धरता हळूहळू विरत जाणारी धरली. त्यांच्या सूत्रात तीन आकडे असतात. आतली खोली, अर्धी खोली जिथे उरते ती त्रिज्या, आणि कड किती फर्मींमध्ये विरते ते सांगणारी धूसरता. वास्तव भागाला तीन, कल्पित भागाला तीन, असे सहा आकडे संगणकाला द्यायचे. संगणक प्रत्येक कोनीय संवेगाच्या लहरीसाठी श्रोडिंगरचं समीकरण सोडवतो, सगळ्या लहरींची बेरीज करतो, आणि मोजमापांशी जुळेपर्यंत सहा आकडे हलवत राहतो. आपल्या जोडीत 100 एमईव्हीला काठावरून घासून जाणारी लहर चाळिसाव्या क्रमांकाच्या पुढची असते, यावरून बेरजेचा पसारा लक्षात यावा.

जुळणी झाली, आलेखाची रेघ सगळ्या ठिपक्यांतून गेली. पोटेन्शियल सापडलं का? इथे नवखा अभ्यासक हमखास फसतो, म्हणून हे गणित हातानेच करून पाहू. धूसरता 0.6 फर्मी, खोली 50 एमईव्ही, त्रिज्या 10.6 फर्मी घेतली तर साडेबारा फर्मींवर पोटेन्शियल 2 एमईव्ही येतं. आता खोली दुप्पट, 100 एमईव्ही करा आणि त्रिज्या 0.42 फर्मीने आखडून 10.18 वर आणा. साडेबारा फर्मींवर उत्तर पुन्हा 2 एमईव्ही! काठापासून बाहेर दोन्ही सूत्रं जवळपास एकमेकांवर बसतात. आत मात्र, 8 फर्मींवर, पहिलं 49 एमईव्ही सांगतं आणि दुसरं 97. प्रयोगाने दोन्हींना सारखेच गुण दिले, कारण आत गेलेला कण परत आलाच नाही आणि त्याने आतली बातमी आणलीच नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज इगो यांनी अल्फा कणांच्या बाबतीत हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून ही इगो संदिग्धता म्हणून ओळखली जाते. एखाद्या शोधनिबंधात नुसतीच पोटेन्शियलची खोली दिलेली दिसली, की मी आधी ते पोटेन्शियल काठावर किती आहे ते काढून पाहतो. मोजमापाने खरोखर पाहिलेला आकडा तो असतो.

मग आतल्या भागाबद्दल काही बोलायचंच नाही का? बोलायचं, पण वेगळ्या आधारावर. प्रत्येक केंद्रकात द्रव्याची घनता कुठे किती आहे हे बऱ्यापैकी माहीत आहे. इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनातून प्रोटॉनांचं वितरण रॉबर्ट हॉफस्टॅटरने मोजलं, त्यासाठी 1961 चं नोबेल त्याला मिळालं. दोन सुट्या कणांमधलं बलही माहीत आहे. तेव्हा एका केंद्रकातल्या प्रत्येक कणाचं दुसऱ्यातल्या प्रत्येक कणाशी असलेलं बल दोन्ही घनतांवरून बेरजेत घ्यायचं. या दुहेरी बेरजेला डबल फोल्डिंग म्हणतात. यासाठी सर्वांत वापरलं गेलेलं बल एम-थ्री-वाय, म्हणजे मिशिगनमध्ये तीन युकावा पदांची बेरीज करून बसवलेलं सूत्र, 1977 चं. 1979 मध्ये सॅचलर आणि लव्ह यांनी त्यावरून अनेक जोड्यांची पोटेन्शियलं काढली आणि त्यांचा आकार न बदलता ती मोजमापांना लावून पाहिली. फार तर एक गुणक ढिला ठेवला. बहुतेक जोड्यांसाठी तो एकच्या आसपास आला. सुट्या कणांवरून केलेली बेरीज जड केंद्रकांच्या टकरीत इतकी बरोबर उतरावी, हे या विषयातलं मोठं यश आहे. पण त्याच यादीत लिथियम-6 आणि बेरिलियम-9 होते, आणि त्यांना गुणक 0.6 च्या घरात ठेवावा लागला. हे दोन अपवाद लक्षात ठेवा.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या गटाने 1990 च्या दशकात या बेरजेत आणखी एक सुधारणा केली. दोन केंद्रकांतले सारखे कण एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, या पाउलीच्या नियमामुळे बल टकरीच्या वेगावर अवलंबून राहतं. त्यांच्या सूत्रात फोल्डिंगचं पोटेन्शियल वेगाच्या वर्गानुसार घटतं आणि ढिला गुणक लागत नाही. अडसराजवळ वेग कमी असतो, तिथे फरक थोडा. ऊर्जा खूप वाढवली की मोठा.

आतली बातमी थेट मिळण्याची एक वाटही आहे, पण ती हलक्या जोड्यांनाच खुली. तिथे शोषण कमी असतं, म्हणून काही कण खोल आत जाऊन, ओढणाऱ्या बलाने वाकून, पलीकडून बाहेर येतात. पावसाच्या थेंबातून प्रकाश ठराविक कोनातच दाटतो आणि इंद्रधनुष्य दिसतं, तसाच दाट पट्टा या कणांचाही पडतो. गोल्डबर्ग आणि स्मिथ यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अल्फा कणांच्या प्रकीर्णनात तो ओळखला. पुढे बर्लिनला 350 एमईव्हीचे ऑक्सिजन ऑक्सिजनवर सोडून तो फार स्पष्ट दिसला. दोन ऑक्सिजन केंद्रकं एकमेकांत शिरल्यावर मध्ये घनता नेहमीपेक्षा वाढते, त्यामुळे केंद्रकीय द्रव्य दाबाखाली किती कठीण होतं याचाही अंदाज या मोजमापांतून बांधता आला. शिशाच्या बाबतीत असं धनुष्य पाहायला मिळत नाही. तिथे आपण काठावरच थांबतो.

पण काठावरही एक आश्चर्य दडलेलं होतं. इंग्लंडमध्ये डेअर्सबरीच्या प्रयोगशाळेत लिली आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-शिसं जोडीचं प्रकीर्णन अडसराच्या वरपासून खालपर्यंत ऊर्जा बदलत मोजलं. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत 12.4 फर्मींवरचं पोटेन्शियल ऊर्जेनुसार मांडलेलं होतं. झोताची ऊर्जा 80 एमईव्हीकडे, म्हणजे अडसराच्या आसपास उतरत गेली तशी कल्पित भागाची किंमत झपाट्याने घटली. हे समजण्यासारखं आहे, कारण हरवण्याच्या वाटाच बंद होत गेल्या. पण त्याच टप्प्यात वास्तव भाग फुगला आणि घंटेच्या आकाराचा उंचवटा करून पुन्हा खाली आला. एकाच अंतरावरचं बल ऊर्जेच्या इतक्या अरुंद पट्ट्यात का बदलावं?

उत्तर त्याच वर्षी नागराजन, माहो आणि सॅचलर यांनी दिलं. परिणाम कारणाच्या आधी येऊ शकत नाही, एवढ्या एका तत्त्वावरून क्रेमर्स आणि क्रोनिग यांनी 1920 च्या दशकात दाखवलं होतं की पदार्थातलं प्रकाशाचं शोषण आणि अपवर्तन एकमेकांपासून स्वतंत्र असू शकत नाहीत. सगळ्या ऊर्जांना शोषण किती आहे हे कळलं, तर अपवर्तनाचा बदलता भाग गणितानेच निघतो. तेच नातं पोटेन्शियलच्या दोन भागांनाही बांधून ठेवतं. कल्पित भाग अडसरापाशी एकदम कोसळला, तर वास्तव भागात तिथे उंचवटा आलाच पाहिजे. सहा आकडे सुटे सुटे हलवणाऱ्यांना ही लगाम घालणारी गोष्ट होती. या उंचवट्याला उंबरठ्यावरची विसंगती असं नाव पडलं. माझ्या मते नाव चुकीचं आहे, कारण विसंगत असं त्यात काहीच नाही. न परतलेल्या कणांची संख्या परतलेल्यांच्या वाटेवर ठसा उमटवते, एवढंच ते सांगतं.

भौतिक अर्थही स्वच्छ आहे. ऊर्जा अपुरी असल्याने जी उत्तेजनं प्रत्यक्ष घडत नाहीत, ती क्षणभर होऊन मिटतात. तेवढ्यात केंद्रकं एकमेकांच्या दिशेने थोडी झुकतात, ओढ वाढते आणि अडसर खाली येतो. अडसराखालच्या ऊर्जांना केंद्रकांचं संमीलन साध्या हिशेबापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतं, हे त्याआधीच प्रयोगांत दिसत होतं. इलॅस्टिक कण मोजणारे आणि संमीलन मोजणारे एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहत होते.

आता ते दोन अपवाद. लिथियम-6 फार सैल बांधलेलं केंद्रक आहे, अवघे 1.47 एमईव्ही मिळाले की त्याचे अल्फा कण आणि ड्युटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) असे दोन तुकडे होतात. लिथियम-7 ला तुटायला 2.47 लागतात. असं केंद्रक अडसराजवळ आलं की त्याची तुटण्याची वाट इतर वाटांसारखी बंद होत नाही, ती अडसराखालीही उघडीच राहते. शिवाय तुटण्याच्या शक्यतेमुळे काठावर ओढीऐवजी लोटणारा भाग जमा होतो. सॅचलर-लव्ह यांचा 0.6 हा गुणक याच लोटण्याची भरपाई होता, हे नंतरच्या गणितांनी दाखवलं. शिशावर दोन्ही लिथियमांचं प्रकीर्णन मोजलं गेलं तेव्हा लिथियम-7 मध्ये नेहमीचा उंचवटा आढळला, लिथियम-6 मध्ये नाही. बांधणीत एका एमईव्हीचा फरक, आणि वागणूक इतकी वेगळी.

या प्रश्नावर मुंबईत बरंच काम झालं आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा 14 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे, आणि लिथियमचे झोत ही त्याची जमेची बाजू. तिथे लिथियम-6 बिस्मथ-209 वर सोडून अडसराच्या दोन्ही बाजूंना इलॅस्टिक प्रकीर्णन मोजलं गेलं. कल्पित भागाची नेहमीची घसरण त्यात दिसली नाही. अशा वागण्याला विघटनाच्या उंबरठ्यावरची विसंगती म्हणतात.

अडसराखाली काम करताना खरी अडचण वेगळीच असते. तिथे गुणोत्तर एकपासून काही टक्केच ढळतं. एक टक्क्याची अचूकता हवी तर प्रत्येक कोनात किमान 10,000 कण मोजावे लागतात आणि मागच्या कोनांना तेवढे कण जमायला तासन् तास झोत लागतो. एवढं करूनही सर्वांत खालच्या ऊर्जांना कल्पित भागाचे त्रुटीदर्शक पट्टे मोठे राहतात आणि त्यांतून एकाहून अधिक वक्र सहज जातात. म्हणून अशा प्रयोगांत इलॅस्टिक कणांबरोबर तुटून आलेले अल्फा कणही मोजले जातात. पोटेन्शियलचा कल्पित भाग जेवढे कण हरवले म्हणतो, तेवढेच संमीलन, विघटन आणि कणांची देवाणघेवाण यांच्या बेरजेत सापडायला हवेत. लिथियम-6 च्या बाबतीत अल्फा कण भरपूर सापडतात, पण त्यांच्यातल्या थोड्यांच्याच सोबत ड्युटेरॉन आढळतो. काही टकरींत लिथियम आधी न्यूट्रॉन गमावतं आणि उरलेलं लिथियम-5 अल्फा आणि प्रोटॉनमध्ये फुटतं, काहींत ड्युटेरॉन लक्ष्याने गिळलेला असतो. यातला कोणता वाटा किती, हे प्रत्येक लक्ष्यासाठी, प्रत्येक ऊर्जेला, वेगळं मोजावं लागतं.